बरणीतला यात्रेकरू

अहिल्याबाई घाटावर नावेच्या रांगेत माझ्यापुढे एक गुरुजी होते, सोबत त्यांची पुतणी. तिच्या हातातल्या बरणीत एक काळा मासा होता.

"ऋता, बरणी नीट धर. मधल्या धारेत सोडू बिचाऱ्याला."

"काका, हा काचेच्या टाकीतला परदेशी मासा आहे. तो बोर्ड वाचा ना, असे मासे गंगेत सोडायला मनाई आहे."

"अगं, काशीत किडामुंगीलासुद्धा मुक्ती मिळते."

"हा इथल्या माशांची अंडी खातो. याच्या आधी त्यांनाच मुक्ती मिळेल."

"अरे रामा! पण तुझ्या काकूनं रिकाम्या टाकीत बटाटे भरलेत."

"मग काढायला सांगा."

"तूच सांग तिला."

"गुरुजी, चलना है?" नाववाल्यानं हाक मारली.

"नहीं भैया. हम तीनों घर जा रहे हैं."