पेटीतलं कबुतर

हसू नका, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझी भाची प्राण्यांच्या वागण्यावर संशोधन करते. सुट्टीत कळमनुरीला आली ती कबुतराची पेटी घेऊनच. कबुतरानं चोचीनं बटण दाबलं, की ज्वारीचा एकच दाणा पडायचा. मला काही पाहवेना. तिची पाठ वळताच मी मूठभर ज्वारी आत टाकली.

"मामा, काहून टाकली हो? आता ते बटण कशाला दाबंल? सारी मेहनत वाया गेली माझी!" पोरगी रडकुंडीला आली.

"उपाशी होतं गं लेकरू."

तेवढ्यात टक् वाजलं. समोरची ज्वारी तुडवत कबुतर बटणाशी गेलं होतं अन् तिथला दाणा खाऊन राहिलं होतं. पुन्हा टक्. दुकानात बसून केस पांढरे झाले, पण फुकटचा ढीग सोडून कमाईचा दाणा खाणारं कुणी पाहिलं नव्हतं. मी हातच जोडले त्याला.