रिकाम्या सीटचा पट्टा

गजूदादाची ती पुण्यातून आणलेली जुनी भारी गाडी आठवते ना? तिच्यात ड्रायव्हरशेजारी कोणी नसलं, तरी ती पट्टा लावा म्हणून टिंगटिंग करे. दादा बिचारा रिकाम्या सीटले पट्टा बांधून मलकापूरले जाये. वहिनी मागेच बसे. म्हणे, "तिथं कोन बसते थे पयले समजू द्या, मंग मी समोर बशीन."

मले भलतंच कुतूहल. मोबाइलवर शोधलं, तर मालकांच्या तक्रारी ढीगभर! सीटखालचा सेन्सर खराब, माणूस आहे का नाही हेच त्याले कळत नाही, अपघातात एअरबॅग दगा देऊ शकते. म्हणून कंपनीनंच त्या गाड्या फुकट दुरुस्तीले परत बोलावल्या होत्या. दादा नागपूरले जाऊन सेन्सर बदलून आला.

आल्यावर वहिनीले मानानं समोर बसवलं. गाडी चूप. दादा खूश.

मी म्हटलं, "दादा, वहिनीनं पट्टा कुठं लावला? आता तर वाजाले पाहिजे!"

वहिनी हलून, डुलून, आदळून बसली. तरी आवाज नाही.

"आता काऊन नाही वाजून राह्यली बे?" दादा मले विचारे.

वहिनीनं सावकाश पट्टा लावला. "मी समोर बसली तरी तिले दिसत नाही," ती म्हणे. "आता झाली ती खरी तुमच्या घरची."