एका नकाशाचे पाच तोतये

...आणि वर मलाच विचारतात, "एबो, मशीन नीट पुसलं होतंस का?" पुसलं होतंस का! अहो, फाईल उघडत नाही आणि हे माझ्या हातात फडकं देतायत! तुम्हाला सांगतो, माणसानं काय वाट्टेल ते करावं, भर लाटेत होडी घालावी, सासूला चारचौघांत खोटं पाडावं, पण आपल्याला कॉम्प्युटर येतो हे गावात कुणाला कळू देऊ नये. आणि मला तरी काय येतं हो? मी तिठ्यावर छपाईचं दुकान चालवतो, मागच्याच खोलीत राहतो. मयताची पोस्टरं, लग्नाच्या पत्रिका, चर्चचे बोर्ड... मयत माणूस फोटोत हसत नसेल तर त्याला हसवून देतो, संपली माझी विद्या! पण आमच्या अमिसाक्रोममधे ज्याच्याकडे माऊस तो इंजिनियर!

तर नानांचं बोलावणं आलं. नाना म्हणजे आमचे गावप्रमुख, गादीवरचे. कॉम्प्युटर उचल आणि दरबारात ये. का, तर हद्दीचा निकाल! आमचं गाव आणि शेजारचं एन्यानकोर, खाडीकाठचा पट्टा आमचा का त्यांचा, आजोबांच्या आजोबांपासून नुसती भांडाभांडी. शेवटी अराबा नावाची सर्वेवाली मुलगी आली, दोन्ही गावचे म्हातारे बरोबर घेतले आणि हातात यंत्र धरून अख्खी हद्द चालली. म्हातारे बसले, कण्हले, पाणी प्याले, ती आपली चालतेच आहे! दोन्ही गावांनी कबूल केलं, यंत्र दाखवेल ते मान्य. नकाशा फाईलमधे घालून तिनं आमच्या दरबाराला पाठवून दिला. आता राहिलं काय? जमीन ऑफिसातले साहेब येणार, दोन्हीकडचे नाना बसणार, भिंतीवर नकाशा दिसणार, मग सह्या, टाळ्या, आणि मक्याच्या केंकेबरोबर तळलेला मासा!

आणि नाही दिसला तर? साहेबांनी आल्या आल्या सांगितलं, "आज उघडला तर उघडला, नाहीतर मी यांचा जुना कागद धरणार." एन्यानकोरवाल्यांकडे गोऱ्या साहेबाच्या काळातला कागद आहे हो, वाळवीनं खाल्लेला. पण तो उघडतो! घडी मोडली की उघडला! आणि त्या कागदात खाडीकाठ सगळा त्यांचा. त्या खाडीकाठी काय आहे माहितेय? माझ्या आईच्या मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्या! आजीनं स्वतः माती तुडवून घातलेल्या. त्या भट्ट्यांच्या धुरावर आम्ही भावंडं शिकलो, डोळे चोळत चोळत, पण शिकलो. त्या गेल्या तर आई करणार काय? आणि आई बसलीय कुठे? बरोब्बर माझ्या पाठीमागे! हातात मासे उलटायची काठी!

कारकुनांनी दरबाराच्या जुन्या मशीनवरून फाईल माझ्या मशीनवर घालून दिली, केला डबल क्लिक. तर कॉम्प्युटर मलाच विचारतो, "ही कशात उघडू?" अरे, मला ठाऊक असतं तर तुला कशाला आणला असता! अराबानं नकाशाचा खास प्रोग्राम माझ्या मशीनवर घालून ठेवला होता, त्यात ढकलली. तो म्हणतो, चालत नाही. फोटोच्या प्रोग्राममधे घातली, तो म्हणतो हा फोटो नाही. गाण्याच्या प्रोग्राममधे घातली, म्हटलं निदान गाऊन तरी सांगेल हद्द कुठाय! फाईल आपली ढिम्म!

मग शेवटी लिहायच्या प्रोग्राममधे टाकली... आणि उघडली की हो! टाळ्या! भिंतीवर बघतो तर काय, चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम, मुंग्यांची जत्रा नुसती! आता आमचे नाना चारचौघांत स्वतः बोलत नाहीत. ते पुटपुटतात, आणि सोन्याच्या मुठीची काठी घेतलेला ओक्यामे, म्हणजे नानांच्या वतीनं बोलणारा, उठून ते गोड करून सांगतो, हीच रीत. नाना पुटपुटले. मी जवळच होतो, स्वच्छ ऐकलं, "हा काय उकिरडा आहे?" ओक्यामे उठला, काठी टेकवली, म्हणतो, "नाना पुसतात, या मनोहर मजकुराचा अर्थ काय असावा?"

मागून काठी टोचली. "एबो, माझ्या भट्ट्या दिसतायत का त्यात?"

"आई, यात कुणालाच काही दिसत नाहीये!"

"मग कशाला शिकवला रे तुला?"

आणि मग सल्ले! जो उठतो तो वैद्य! एक म्हणतो बंद करून चालू कर. केलं. दुसरा म्हणतो, दोन्ही बटणं एकदम दाब. दाबली. चर्चचे डीकन उठले, कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि डोळे मिटून अशी खणखणीत प्रार्थना केली म्हणता, की पंखासुद्धा थांबला! म्हणजे लाईटच गेली. आली परत. फाईल आपली ढिम्म! तिकडे एन्यानकोरचे नाना मांडीवर कागद घेऊन बसलेत आणि असे मंद हसतायत... असे हसतायत... साहेबांनी पेनाचं टोपण काढलं हो!

मी म्हटलं, थांबा! अराबाला फोन लावतो! लावला, तर बाई मिनीबसमधे. आणि मागे कुणीतरी मूळव्याधीचं औषध विकतोय, तोही गळा काढून!

"अराबा, फाईल उघडत नाही!"

"काय दिसतंय?"

"दुखणं मुळापासून जाईल!"

"अगं, काही दिसत नाहीये! फाईलच चालत नाही म्हणतो!"

"किती फाईली आहेत तिथं?"

"सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यातून!"

"किती म्हणजे? एक!"

"एक?" ती अशी किंचाळली की औषधवालासुद्धा गप्प झाला. "मी पाच पाठवल्या होत्या! एकाच नावाच्या पाच! बाकीच्या चार कुठायत?"

मी वळून बघितलं. अख्ख्या दरबारानं वळून बघितलं. बेंट्सिलकाका, दरबाराचे कारकून, खाली बघून बुटाची नाडी बांधत होते. पायात चपला! "काका," म्हटलं, "बाकीच्या चार?"

"पुसल्या," काका म्हणाले.

"कचऱ्याच्या टोपलीत असतील..."

"टोपलीपण रिकामी केली."

का? का पण? तर काकांच्या डोळ्यांत पाणी! "एबो, तू तेव्हा शहरात होतास. गादी एक आणि नाना दोन झाले होते रे या गावात! दोघांचं नाव एक, दोघांच्या छत्र्या, दोघांचे ढोल, दोघांनी मला कारकून नेमलं आणि दोघांनी काढून टाकलं! मी दरबाराचं मशीन उघडलं तर अमिसाक्रोम, अमिसाक्रोम, अमिसाक्रोम... एका नावाचे पाच! म्हटलं, परत तोतये! म्हणून त्यातला सगळ्यात वजनदार ठेवला आणि बाकीचे कुणाच्या नजरेला पडायच्या आत संपवले."

आता हसावं का रडावं? आणि दरबारात माना हलतायत, म्हणतायत, बरोबर केलंस बेंट्सिल! अराबानं कुठली फाईल कशाची ते फोनवर भराभर सांगितलं, पण यांना समजावायचं कसं? म्हटलं, "नाना, माफी असावी. आपण गावाबाहेर निघालात तर एकटे निघता का? छत्रीवाला लागतो, काठीवाला लागतो, स्टूल उचलणारा लागतो. तसंच हे. एकीत हद्दीची रेघ, दुसरीत नावं, तिसरीत कुठली रेघ कुठे ठेवलीय त्याचा पत्ता, चौथीत पृथ्वीवर नेमकं कुठं मांडायचं ते. पाचवी कशाला असते मला ठाऊक नाही, पण लवाजम्यात असा एक असतोच! काकांनी तोतये नाही मारले, काकांनी आपला लवाजमा कापून काढला आणि आपल्याला उघडं रस्त्यात उभं केलं!"

नाना पुटपुटले. जे पुटपुटले ते इथं बायका बसल्यात म्हणून सांगत नाही. ओक्यामे म्हणाला, "नाना बेंट्सिलच्या निष्ठेचं कौतुक करतात."

अराबानं चालत्या गाडीत मांडीवर कॉम्प्युटर उघडला आणि पाचही फाईलींचं एक गाठोडं बांधून पाठवलं. साहेबांचं पेन कागदाला टेकणार तेवढ्यात आलं. सोडलं, पाचीजणी शेजारी शेजारी ठेवल्या, डबल क्लिक केला आणि... उघडली! खरीखुरी उघडली! भिंतीवर लालभडक रेघ, खाडीच्या पार पलीकडून! भट्ट्या आमच्या! आई उठली, अशी नाचली, काठी घेऊन अशी नाचली की डीकनना बाजूला व्हावं लागलं! मला भरून आलं हो. खरंच भरून आलं. म्हटलं, आईचं देणं लागत होतो, आज थोडं फिटलं.

आणि साहेब म्हणाले, "जरा वर सरकव." सरकवलं. रेघ खाडीवरून वर आली, नारळीतून गेली, शाळेला वळसा घातला, तिठ्यावर आली... आणि माझ्या दुकानाच्या अलीकडून गेली! अलीकडून! म्हणजे दुकान एन्यानकोरात! "गंमत बघा," साहेब म्हणतात, "जुन्या कागदात हा तिठा अमिसाक्रोममधे होता." गंमत! न उघडती तर दुकान आमच्यात राहिलं असतं! मीच उघडली! भर दरबारात, या दोन हातांनी! अगं बाई, सकाळपासून ढिम्म होतीस, राहायचं होतंस ना ढिम्म!

एन्यानकोरच्या नानांचा ओक्यामे उठला. "आमचे नाना म्हणतात, पोरगा हुशार आहे. तो आमचाच आहे हे त्यांना आजच कळलं." आमचे नाना पुटपुटले, "बरं झालं, पोस्टरवर माझं नाक वाकडं छापायचा." आमचा ओक्यामे म्हणाला, "नानांचं काळीज तुटतंय."

आईकडे बघितलं. म्हणते, "दुकान लांब थोडंच गेलंय? येत जा मासे न्यायला."

आता रीत म्हणून नव्या नानांपुढे नजराण्याची दारूची बाटली घेऊन जायला हवं. निघणार तेवढ्यात त्यांच्या कारकुनाचा फोन. "बाटली राहू दे, कॉम्प्युटर घेऊन ये. आमची पलीकडच्या गावाशीही हद्द मोजून आलीय, आणि फाईल काही उघडत नाही." काय करणार? जावं लागणार! प्रजा आहे ना मी त्यांची!