बावीस वर्षांचा भाचा

भानुदास : ...आणि मग मी त्याला असा डोक्यावर घेतला, सुचित्रा, आणि असा गरागरा फिरवला, की खाडीपलीकडं बर दुबईत अब्रेवाल्यांनी नावा थांबवल्या. म्हणाले, यल्ला, किनाऱ्याला लागा, वादळ आलंय.

सुचित्रा : दादा, हात वर कर.

भानुदास : कुठला?

सुचित्रा : ज्यानं फिरवलास तो.

भानुदास : तो आत्ता जरा विश्रांती घेतोय.

सुचित्रा : दोन वर्षं तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. एक्सरे आमच्या क्लिनिकमध्ये मीच काढलाय. आणि शंभर किलोचा ट्रक ड्रायव्हर तू डोक्यावर घेतलास?

भानुदास : डाव्यानं घेतला. उजवा नुसता शोभेला होता.

सुचित्रा : हसू नकोस. कमरुद्दीनचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. नाक आत गेलंय. चार दात गेले, त्यातला एक घशातून काढला. त्याचा भाऊ अन्वर फोनवर सगळं सांगत होता.

भानुदास : कुस्ती आहे, बाई. देऱ्यात मासळी बाजारामागं दर शुक्रवारी वाळूत जोड्या लागतात, माणूस पडतो, मोडतो. आपल्या वाळव्यात तर एकाचं मुंडकं उलटं फिरलं होतं. पुढं बारा वर्षं तो पाठमोरा चालायचा, पण शेतात नांगर सरळ धरायचा.

सुचित्रा : कुस्तीत जबडा मोडतो?

भानुदास : माझा हात जरा जड आहे.

सुचित्रा : आणि पोलीस?

भानुदास : बारा वाजेपर्यंत पासपोर्ट घेऊन या म्हणालेत. मी जातो, माझं नाव सांगितलंय, माझा पासपोर्ट देतो, खलास. माझं गॅरेज काय रास अल खोरमधून पळून जातंय?

सुचित्रा : साठाव्या वर्षी आत टाकतील तुला. मग बाहेर काढून थेट विमानात बसवतील.

भानुदास : सत्तावीस वर्षं झाली इथं. एवीतेवी घरी जायचंच आहे. तिकीट तरी सरकारचं.

सुचित्रा : निनाद. निनाद, बाहेर ये.

निनाद : आई, आय ॲम पॅकिंग.

सुचित्रा : हात दाखव.

निनाद : इट्स नथिंग. बॅगेची चेन लागली.

सुचित्रा : उजवा. मूठ मिट. ...मिटत नाही ना? करंगळीमागचं हाड आत गेलंय. हे पडून मोडत नाही, राजा, चेन लागूनही मोडत नाही. मूठ आवळून कुणाला तरी हाणलं की मोडतं. महिन्याला दोन तरी असे फोटो काढते मी.

भानुदास : त्याचं काय झालं, मी कमरुद्दीनला फिरवत होतो ना, तेव्हा हा मध्ये आला आणि...

सुचित्रा : दादा, तू गप्प बस. ऑक्टोबरात बरगडी. जिन्यावरनं पडला, तूच म्हणालास. नोव्हेंबरात कान, फुगून पुरीसारखा झालेला. शाळेच्या मॅटवर घासला म्हणालास. पाठीवर बोटं उमटलेली. मी मूर्ख, हळद लावत बसले. कुठं नेत होतास माझ्या पोराला?

निनाद : फिश मार्केट. एव्हरी फ्रायडे.

भानुदास : अगं, तयारी करून घेत होतो. तो अमेरिकेतल्या कॉलेजचा कुस्तीचा कोच फोनवर काय म्हणाला? मे महिन्याची वाट कशाला बघता, बारावी आटपा आणि जानेवारीतच कॉलेजात पाठवा, सहा महिने जास्तीचे मिळतील. तूही पेढे वाटलेस. याच्या बापानं, चारुदत्तनं, तेलाच्या रिगवरनं फोन करून शाळेला सांगितलं, उन्हाळ्यात जादा विषय करून घ्या. झालं, डिसेंबरात सर्टिफिकेट हातात.

सुचित्रा : मग?

भानुदास : मग तिकडं याच्यासमोर कोण उभं राहणार? शाळेतली पोरं? बावीस-तेवीस वर्षांचे रेडे, दूध अंडी खाऊन माजलेले. सतरा वर्षांचं पोर त्यांच्यापुढं टाकायचं, तर त्याआधी माणसाच्या हातचा मार खायची सवय पाहिजे. मी मार खाऊनच तयार झालो.

सुचित्रा : आणि ती मोठी माणसं पोराशी लढायला तयार झाली?

निनाद : ते नाही लढत पोरांशी. मिशी नसेल तर हातही लावत नाहीत. मामानं सगळ्यांना सांगितलं, मी ट्वेंटी-टू आहे.

सुचित्रा : बावीस?

भानुदास : शाकाहारी आहे म्हणून लहान दिसतो, असं सांगितलं. पटलं त्यांना.

सुचित्रा : दादा, हे उलथनं माझ्या हातात आहे, जरा लांब बस. निनाद, तू सांग. काल काय झालं?

निनाद : मी हरलो. ॲज यूज्वल. कमरुद्दीननं पट काढला आणि मला पाठीवर टाकलं, श्वासच गेला. मग त्यानं उठायला हात दिला. ते नेहमी देतात. म्हणाला, जवान, वहाँ जाके भी मार ही खाएगा.

सुचित्रा : चिडवत होता?

निनाद : नाही. तेच तर. नीट सांगत होता, जसं डॉक्टर सांगतो. मी त्याचा हात धरला, उठलो, आणि दुसऱ्या हातानं मारलं. तो पडला. मी छातीवर बसलो आणि मारत राहिलो. जबड्याचा आवाज आला, तरी मारलं. त्याचे दोन्ही हात उघडे होते, आई. ही वॉजन्ट फायटिंग. थांब थांब म्हणत होता, म्हणून मी तोंडात वाळू भरली. मुठीनं, आत.

सुचित्रा : थांबलास कधी?

निनाद : थांबलो नाही. मामानं ओढून काढलं मला.

भानुदास : वीस जण लागले याला...

सुचित्रा : दादा.

भानुदास : तिघं. मी कमरेला धरलं, दोघांनी हात. माझ्या कोपराला चावला. हे बघ.

निनाद : आई, से समथिंग.

सुचित्रा : काय बोलू? हात उठतोय माझा. आणि उठला की तुझा तो कान दिसतो.

भानुदास : मग आता ऐक. बुधवारचं विमान आहे. पासपोर्ट याचा जमा झाला, तर केस मिटेपर्यंत सहा महिने, वर्ष, इन्शाल्ला कितीही. शाळेच्या पटावरनं नाव उतरलंय, कॉलेजच्या पटावर अजून चढलं नाही. एप्रिलमध्ये अठरा पुरी होतील, आणि शिकत नसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला बापाच्या व्हिसावर ठेवत नाहीत. म्हणजे पोरगं ना इथलं, ना तिथलं, ना घरचं. माझं काय, मी म्हातारा. मी मारलं, संपलं.

सुचित्रा : चारशे माणसांनी बघितलंय.

भानुदास : त्या चारशेंना मी कालच सांगितलं की मी होतो. निम्म्यांना आठवायलाही लागलंय.

सुचित्रा : आणि उरलेल्या निम्म्यांत कमरुद्दीन आहे. तो कुणाचं नाव घेईल?

भानुदास : त्याला बोलता कुठं येतंय?

सुचित्रा : ...काय बोललास, ऐकलंस का तू?

भानुदास : ऐकलं.

सुचित्रा : दोघं चला. तुझ्या पिकअपमधनं. आधी हॉस्पिटल, मग पोलीस. निनाद त्याच्यासमोर उभा राहील आणि मारलं मी, असं सांगेल. वयही सांगेल, खरं. त्यानं तनाझुल दिलं, माझी तक्रार नाही असं लिहून दिलं, तर दिलं.

निनाद : अँड इफ ही डझन्ट?

सुचित्रा : तर पासपोर्ट तुझा जाईल, मामाचा नाही. माझ्या पर्समध्ये आहे तो.

निनाद : मग अमेरिका?

सुचित्रा : जबडा मोडलाय, निनाद. माणसाचा.

(दोन तासांनी. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, पिकअपजवळ. पुरुषांच्या वॉर्डात दोघांनाच सोडल्यामुळे सुचित्रा बाहेर थांबली आहे.)

सुचित्रा : काय झालं? तू नको, दादा. निनाद सांगेल.

निनाद : त्याचं तोंड तारांनी बांधलंय. डोळे काळे. अन्वर शेजारी बसला होता, मला बघून उठला. मला वाटलं मारणार. मी म्हटलं, मैंने मारा, मामाने नहीं. मग म्हटलं, मैं सत्रह का हूँ, बाईस का नहीं. अन्वरनं दोनदा विचारलं. कमरुद्दीन नुसता बघत होता.

सुचित्रा : मग?

निनाद : मला जवळ बोलावलं. बोटानं. वाकलो, तर त्यानं माझा कान धरला, तो सुजलेला. तो त्यानंच केला होता, नोव्हेंबरात, गुडघा ठेवून. धरून बसला आणि रडायला लागला. तारांमधनं. इट वॉज अ हॉरिबल साउंड, आई. मी काल मारताना जे ऐकलं, त्याहून वाईट.

सुचित्रा : आणि तू?

निनाद : मी पण.

सुचित्रा : कागद?

निनाद : अन्वरनं वाचून दाखवला. नको म्हणत होता अन्वर, उर्दूत भांडला त्याच्याशी. कमरुद्दीननं सही केली. कागदात नाव माझं, मामाचं नाही. मग मामाला जवळ बोलावलं.

सुचित्रा : दादाला? कशाला? ...दादा, गालाला काय झालं?

भानुदास : वाकलो, तर दिली एक.

सुचित्रा : कमरुद्दीननं?

भानुदास : हं.

सुचित्रा : लागलं?

भानुदास : लागलं.

सुचित्रा : किती?

भानुदास : सलाइन लावलेल्या हातानं जेवढं लागतं तेवढं. पुरे होतं.

सुचित्रा : चल, गाडी काढ. स्टेशनवर कागद देऊ.

निनाद : म्हणजे आय कॅन गो. वेन्सडेला.

सुचित्रा : जाऊ शकतोस. जायचंय का?

निनाद : म्हणजे?

सुचित्रा : जानेवारीत. त्या लोकांत. जायचंय का तुला?

निनाद : हे कुणी विचारलंच नाही.

सुचित्रा : मी विचारतेय. कोचला फोन मी करीन. शाळेच्या दारात जाऊन मी बसेन, परत पटावर घ्या म्हणून. नाहीतर बुधवारी तुझी बॅग मी उचलीन. काय ते तू सांग.

निनाद : आत्ता सांगायला पाहिजे?

सुचित्रा : आत्ता नको. स्टेशन झालं की घरी जायला शारजाचा रस्ता आहे, या वेळेला ट्रॅफिकमध्ये दोन तास कुठं जात नाहीत. सावकाश सांग.