घट हलवायचा नसतो

हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. पप्पांनी ओठांवर बोट ठेवून तसं बजावलंय, आणि तुम्हाला सांगते, आमचे पप्पा मुळातच इतकं कमी बोलतात की त्यांनी ओठांवर बोट ठेवलं की भीतीच वाटते. पण आता राहवत नाही हो. आज नवमी. आमच्या दारात बायका नारळ घेऊन उभ्या आहेत, गावाहून धुडकू आबा येऊन घटासमोर मांडी घालून बसलेत, आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं ते जेवायचं ताट पाठीमागे धरून मी इथे जिन्यात लपलेय...

मुळात चूक घराची. आधी आम्ही सुरतेतच पर्वत पाटियाला राहायचो, तिथे खिडकी होती. पप्पांना शहराबाहेर सचिन गावातल्या मिलमध्ये रात्रपाळी लागली, तिकडून जाणंयेणं जमेना, म्हणून उधन्यात ही मागची खोली घेतली. खोलीला दार एकच, आणि दारासमोर लूमच्या कारखान्याची भिंत, तीही इतकी जवळ की आमच्या फोडणीचा ठसका आधी भिंतीला लागतो. दिवसासुद्धा ट्यूबलाइट. आणि तीही अशी की लागण्याआधी बराच वेळ विचार करते.

मागच्या नवरात्रात इथे पहिला घट बसला. पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू, मधोमध पाण्याचा घट. देव्हारा शेवटच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे अंधार कायमचा राहायला आलाय तिथे. गहू उगवले ते लांबलचक, बारीक आणि पिवळे. पुढे वर्षभर जे जे वाईट झालं ते आईने त्या पिवळ्या गव्हाच्या नावावर टाकलं. पप्पांचा खोकला? गहू पिवळे होते ना. माझे गणितातले गुण? गहू. शेजारच्या लीलाबाईंचं मांजर आमच्या दुधात तोंड घालून गेलं, तर तेही गव्हामुळेच.

त्यात आबांचा फोन. धुडकू आबा म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ, अमळनेरजवळ गावी असतात, आणि बोलतात असे की फोनची गरजच नसावी. "निंबा, काय ठेवलंय त्या सुरतमध्ये? किती दिवस अंधारात राहायचं? इकडे ये, दोघं भाऊ मिळून शेती करू." पप्पा 'हं' म्हणाले. पप्पांचं 'हं' म्हणजे हो की नाही, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मग आईने फोन घेतला आणि डोक्यावर पदर ओढून, फोनवर बरं का, म्हणाली, "आबा, मी आता देवीवर सोपवते. यंदाही घट पिवळा आला, तर दिवाळीनंतर आम्ही येतो. कायमचे."

आणि मला कुणी विचारलं? मी नववीत आहे. गावात शाळा दहावीपर्यंतच. माझी मावसबहीण मयुरी, वर्गात पहिली यायची, दहावीनंतर ती घरी बसली आणि आता मला मेसेजमध्ये फक्त भाकरीचे फोटो पाठवते. मला इथेच राहायचं होतं. या अंधाऱ्या खोलीतसुद्धा. पण मी मोठ्याने बोलणारी मुलगी नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करते, मग मॅडमना वाटतं मी केस नीट करतेय.

तरी एकदा हिंमत केली. म्हटलं, "आई, यंदा घट दाराजवळ बसवू या का? तिथे थोडा उजेड येतो." आई म्हणाली, "देव्हारा सोडून चपलांजवळ?" बसला कोपऱ्यातच. कोंब वर आले, पिवळे. मी म्हटलं, "आता थोडा सरकवला तर..." आईने नुसतं पाहिलं. घट हलवायचा नसतो. एकदा बसला की उठेपर्यंत हलवायचा नसतो. विषय संपला.

मी शास्त्र सांगून पाहिलं. प्राजक्ता मॅडमनी नुकतंच शिकवलं होतं. म्हटलं, आई, पिवळं रोप आजारी नसतं गं. दाण्याने त्याला बरोबर डबा बांधून दिलेला असतो, तो संपायच्या आत उजेड गाठायचा म्हणून ते बिचारं नुसतं उंच उंच होत जातं. उजेड नाही तर अंगात हिरवा रंग तयार होत नाही, आणि हिरवा रंग नाही तर उजेड धरून ठेवणार कोण? आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "शास्त्र शाळेत. घरात घट."

खरं सांगू? त्या हिरव्या रंगाचा मी फार विचार केलाय. हरितद्रव्य म्हणतात त्याला. ते उन्हातला लाल आणि निळा प्रकाश ठेवून घेतं आणि हिरव्यातला बराचसा परत पाठवतं, मार्केटमधून साडी रिटर्न येते ना, तसा. आणि आपण त्या रिटर्न मालाकडे बघून म्हणतो, अहाहा, काय हिरवंगार आहे. पानाने जे स्वतःसाठी ठेवलं ते आपल्याला दिसतच नाही. बरं, ते घेतं कसं? पर्वत पाटियाला आमच्या खिडकीतून साड्यांची पार्सलं भरताना दिसायची. दुकानापासून टेम्पोपर्यंत माणसांची रांग, हा त्याच्या हातात देतोय, तो पुढच्याच्या, आणि टेम्पोत उभा असलेला एकच माणूस शेवटी ते रचून ठेवतोय. पानात अगदी तसंच असतं. हरितद्रव्याचे किती तरी कण दाटीने उभे, उजेडाचा धक्का त्यातल्या कुणालाही बसो, तो धक्का हातोहात पुढे जातो, शेवटच्या एका जागेपर्यंत. खरं काम तिथे सुरू होतं, पाणी फुटतं, प्राणवायू बाहेर पडतो, आणि त्या जोरावर पुढे साखर तयार होते. आणि हे सगळं मुकाट्याने. 'ए, संभाल के' असं कुणी ओरडत नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. घट हलवायचा नसतो. पण ऊन हलवायला कुणी मनाई केलीय?

सकाळी गल्लीच्या तोंडाशी ऊन येतं, थोडाच वेळ, पाण्याच्या टाकीआडून निघून कारखान्याच्या पत्र्यामागे जाईपर्यंत. मी स्टीलचं ताट घेऊन तिथे उभी राहिले. ऊन दारापर्यंत पोचलं, पण कोपऱ्याकडे वळेना. मी ताट वर करतेय, खाली करतेय, येणारेजाणारे बघतायत, एक जण तर थांबून विचारून गेला, "बेन, थाळी वेचवानी छे?" विकायची आहे का म्हणे! जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. आणि तेवढ्यात रात्रपाळी करून पप्पा आले, केसांत सुताचा भुगा, डोळे लाल. थांबले. ताटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग आत, कोपऱ्याकडे. म्हटलं आता बोलणी बसणार. पप्पा आत गेले, आपला दाढीचा आरसा घेऊन आले, चौकटीच्या वरच्या खिळ्याला लावला, मागे काडेपेटी खोचून जरासा तिरपा केला... आणि ऊन माझ्या ताटावरून आरशात, आरशातून थेट गव्हावर. पप्पांनी ओठांवर बोट ठेवलं आणि जाऊन झोपले. 'हं'सुद्धा नाही. पण तुम्हाला सांगते, त्यांनाही जायचं नाहीये हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गहू हिरवे होऊ लागले. आधी टोकं, मग खालपर्यंत. इथवर सगळं ठीक होतं. पण एका सकाळी लीलाबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. घटावर उजेडाचा गोळा थरथरतोय! तो थरथरत होता कारण माझे हात दुखत होते. "उषाबाईंकडे देवी आली गं," लीलाबाई गल्लीभर. उषाबाई म्हणजे माझी आई. दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. मला शिंक आली, गोळा छतावर जाऊन परत आला. "बघा, घर पाहून आली," लीलाबाई म्हणाल्या. मग भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, आडवी आली आणि उजेड गेला. आता लारीवाल्याला काय सांगू, दादा, पुढे व्हा, देवी अडलीय? तिकडे लीलाबाई गल्लीतल्याच सुलभाकाकूंकडे वळून, "तुम्ही आंघोळ करून आलात ना?" सुलभाकाकू बँकेत आहेत, पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम ओले केस घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई सगळ्यात नाराज. "माताजी भाडूतने त्यां आव्यां, मारे त्यां केम नहीं?" भाडेकरूकडे आली, माझ्याकडे का नाही म्हणे!

मला कुणी पाहिलं नाही का? सगळ्यांची पाठ माझ्याकडे. देवीकडे बघताना ऊन कुठून येतंय हे वळून कोण बघतं? आणि दाढीचा आरसा तर देवाच्या गोष्टीत कुणाला दिसतच नाही.

आज सकाळी आबा आले. पाय धुतले, घटासमोर बसले, गव्हावरून बोट फिरवलं. गहू दाराकडे झुकलेत, उजेडाकडे झुकणारच, पण लीलाबाई म्हणाल्या, "आल्यागेल्याला नमस्कार करतात." आबा म्हणाले, "हिरवं आहे. पण तुम्ही सगळ्या ज्याचं सांगताय तो उजेड मी पाहीन, आणि मगच बोलेन." आणि तेव्हापासून बसलेत. पप्पा आरशाखाली उभे आहेत आणि आरसा सोडून सगळीकडे बघतायत.

ऊन आता टाकीवर आलंय. आणि मी अजून जिन्यातच. ही फसवणूक आहे का हो? ताट मी धरलं, खरं आहे, पण हिरवे तर ते गहू आपले आपण झाले ना? घट हलवायचा नसतो, आणि मी तो हलवला नाही, बोटसुद्धा लावलं नाही. आबांचं मला काही वाटत नाही. वाटतं ते आईचं. तिने सगळं देवीवर सोपवलं होतं आणि मी मधेच ताट घातलं. ती इतकी भोळी आहे, तिला एकदासुद्धा शंका आली नाही. रोज बरोबर ऊन यायच्या वेळेलाच तिला पाणी भरायला जायचं आठवतं, आणि जाताना सगळी भांडी सोडून हे एकच ताट राखेने चकचकीत घासून ओट्याच्या कडेला ठेवून जाते, आपली सवयीने. परवा तर पप्पांचा आरसाही पुसून ठेवला, म्हणाली, साबणाचे डाग होते. अशा बाईला उद्या कुणी सांगितलं की तुझी देवी म्हणजे...

आईची हाक. घाई झाली की ती गावच्या अहिराणीवर येते. "हर्षदा, कोठे बसनी वं? ताट लई ये लवकर, ऊन सरकी ऱ्हायनं."