जपानचा दाखला

माहं लग्न कोणामुळं जमलं, माहीत हाय काय बे? एका जपानी माणसामुळं!

डोणगावले पोरगी पाहाले गेलो होतो. मी शुगरच्या बिमारीवर संशोधन करतो, त्याचे लेख छापून येतात. पोह्याची प्लेट हाती येताच बाबा सुरू झाले, "लोकं आपल्या लेखात आमच्या पोराच्या कामाचा दाखला देतात!"

पोरीचा मामा लय पक्का. मले म्हणे, "कोण कोण देते?"

"माहे सर देतात, माहा दोस्त देते. अन् मी सोता."

"म्हणजे सारे घरचेच! पोराची चौकशी कोणी पोराच्याच घरी करते काय? परका कोणी हाय?"

"एक जपानी हाय."

"तो काय म्हणते?"

आता खोटं कसं बोलू? "म्हणते, याचा प्रयोग साफ चुकला."

बाबाले ठसकाच लागला. मामानं मात्र मांडीवर थाप मारली. "पक्कं करा! चांगलं स्थळ मोडाले काड्या करणारा गावात एखादा राह्यतेच. याचा तं पार जपानात हाय! फक्त लग्नाची तारीख त्याले कळू देऊ नका."