न जळालेलं हाड

ये गं सुमे, अशी जवळ बस, तितं उंबऱ्यावर परक्यासारखी काय टेकलीस? माझ्या सख्ख्या भनीची नात तू, आन दिवाळीपासनं तोंड दाखवलं न्हाईस. लिवून घ्यायचं म्हनून आलीस, न्हायतर कुटली येतीस! बरं, लिव. पन मी बोलते तसंच लिव, शाळेतल्यावानी करू नको.

माझं म्हायेर मंद्रूपच्या अंगाला, आन सासर सीनेच्या काठी. सासू आधीच गेलेली. घरात सासरा, मालक आन मी. मालक उंच, दारातनं वाकून आत यायचे. सोलापुरात मार्शल लॉ लागला न्हवं का, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. मालक गिरणीत कामाला, सनाला चालत घरी यायचे. पोळ्याला निघाले ते पोचलेच न्हाईत. सीनेला पूर. संगतीचे म्हनले, आमी अलीकडंच थांबलो, त्यो म्हनला बैलं वाट बघत असतील, आन गेला फुडं. पान्यात उतरला का दुसऱ्या वाटेनं गेला, कुनी बघितलं न्हाय. काय सांगू तुला, कुनी बघितलं न्हाय, ह्या एका बोलावर म्या समदा जलम काढला.

वरीस गेलं. पुन्यांदा पूर येऊन ओसरला, नदीची दरड ढासळली, आन तितं मेंढरामागच्या धनगराला हाड घावलं. मांडीचं असावं असं, लांब, काळपट तांबूस. गावात बोंब झाली, घावला, घावला म्हनून. मामंजींनी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळून आनलं, तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरून. म्या म्हनलं, मामंजी, ह्ये त्यांचंच कशावरनं? ते म्हनले, मग कुनाचं? माझ्याकडं बघितलं बी न्हाय.

माझी एक चुलत सासू हुती, तिला समदे आक्का म्हनायचे, तोंडानं लई फाटकी. ती दगड घेऊनच आली बांगड्या फोडायला. म्या हात पदराखाली घेतले. म्हनलं, तोंड बघितल्याबिगर फोडायची न्हाय. ती म्हनली, हाडाला कुटनं आनू गं तोंड? मामंजी म्हनले, र्‍हाऊ द्या, आधी अग्नी देऊ.

नदीकाठी गोवऱ्या रचल्या, तूप घातलं, बापानं लेकाला अग्नी दिला. तिसऱ्या दिशी सावडायला गेले तर राखंत हाड तसंच. जरा काजळलं, तेवढंच. पुन्यांदा लाकडं घातली, पुन्यांदा तसंच. मग काय, आक्काला आयतंच घावलं. म्हनली, जळंल कसं? बायकू कुकू लावून बसलीया, जीव त्या बांगड्यांत अडकलाय त्याचा. सवाशीन म्हनून मिरवतीया आन नवऱ्याला वर जाऊ दीना. मला बी वाटाय लागलं, खरंच म्याच त्यांना धरून ठेवलंय का काय. अवसंला फोडायच्या असं भावकीनं ठरवलं.

दुखवट्याला माझा भाऊ आला हुता, हिरी खनायचा त्यो. त्यानं हाड हातात घेतलं आन म्हनला, ताई, ह्ये हाडापरीस लई जड हाय. सोलापुरात एक मास्तर हायती, त्यांना दगडांचं येड. आमच्या हिरीत कातळाच्या पोकळीत मिठासारख्या चकाकत्या सुया निघाल्या, त्या बघायला दोराला धरून खाली उतरले हुते. चल त्यांच्याकडं. मामंजींनी अडवलं न्हाय. गाडीपाशी येऊन म्हनले, जपून न्या, हिसकं बसू दीऊ नका त्याला.

मास्तरांच्या घरात बसायला जागा न्हाय. खिडकीत दगड, पाटावर दगड, देव्हाऱ्याखाली बी दगडच. त्यांची बायको म्हनली, सारा बाजूला, आमच्यात माणसाचा नंबर शेवटी लागतो. मास्तरांनी हाडावर खिळा मारून बघितला, खापरासारखं वाजलं. मला म्हनले, बाई, जीभ लावून बघा. म्या म्हनलं, माझ्या धन्याचं म्हनून आनलंय, आन चाटू व्हय? ते वरमले. मग सोताच जीभ लावली, तर चिकटली; साधा दगड असा धरत नाही, म्हनले. तुटल्या टोकात बोट घालून म्हनले, नळीत मगज असतो ना, तिथं गारगोटी भरली आहे, बघा कशी चमकते. हाडाचा दगड झालाय, आणि तो असा वर्षात होत नाही, युगं लागतात. हे तुमच्या यजमानांचं नाही. म्या इचारलं, मग कुनाचं? म्हनले, दोन्ही टोकं मोडली आहेत, नक्की सांगता येत नाही, जनावराचं असावं. म्या म्हनलं, असावं म्हनून माझ्या बांगड्या र्‍हात न्हाईत, मास्तर. गावात येऊन दाखवा.

आले की! आमच्याच गाडीत बसून आले. गाव दरडीवर जमला. आक्का म्हनली, साक्षीला मास्तर आनलाय बगा सटवीनं. हाड घावलं तितंच मास्तर खुरप्यानं खरवडत बसले, दुपार कलली तरी उठंनात. आन निघाला एक जबडा, दाढांसकट, त्याच रंगाचा, तसाच जड. मास्तर सांगायला तोंड उघडतायत तवर मामंजी फुडं झाले. जलमभर बाजारात बैलाचं तोंड उघडून वय सांगितलेला मानूस त्यो. एकेका दाढंवरनं अंगठा फिरवला. म्हनले, बैलाची जात हाय. ह्या मापाचा बैल म्या बघितला न्हाय, पन दाढा बैलाच्याच.

आक्का बांगड्यांसाठी आनलेला दगड टाकून घरला गेली. मला वाटलं, आता मामंजी म्हनतील, पोरी, तुझं खरं झालं. तर ते मटकन वाळूत बसले. म्हनले, मग माझं पोर कुटं हाय? एवढं तरी घावलं हुतं गं मला. एवढं बी काढून घेतलंस.

तवापासनं आमी दोघं एका घरात र्‍हायलो, म्या भाकरी वाढायची, त्यांनी खायची. माझ्या हाताकडं बघायचे न्हाईत. जबडा मास्तर घेऊन गेले, हाड मात्र मामंजींनी दिलं न्हाय. उशाला ठिवायचे. कुनी हसलं तर म्हनायचे, बैलाचं हाय, ठावं हाय मला. ते गेले तवा म्या त्यांच्या संगंच चितंवर धाडलं ते.

आता बाया हळदीकुकवाला बोलवत्यात, पन माझ्या कपाळापाशी आल्या की त्यांचं बोट थांबतंय. मी कपाळ फुडं करते. मालक असले कुटं तर म्हातारे झाले असतील. दुसरं घर केलं असंल तर तितं लेकराबाळांत सुखी र्‍हावं. माझं काय, निम्मं आयुक्ष हायती म्हनायचं, निम्मं न्हाईत म्हनायचं, गेलं की सरत.

बास कर आता, दिवस हाय तवर नीघ. आन पुन्यांदा एवढी वाट बघाया लावू नको, येत्या बाजारच्या दिशी ये. दार मी लावतच न्हाय, लोटून सरळ आत ये. तेवढी भाईरनं हाक मारू नको गं बाई. भाईरनं कुनाची हाक आली की अजून माझ्या हातातलं खाली पडतंय.